नाव नसलेला खळगा

"सासऱ्यांचं नाव?" असं कचेरीतल्या कारकुनाने विचारलं की बुरुल मागे वळून बघायची. रांगेत ओळखीचं कुणी दिसलं की त्याच्या कोपराला ढोसायची. "सांग की रे, आमच्या मोठ्यांचं."

तेरेक-बुलाकमध्ये ती सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आता सत्तावन्न. या अडतीस वर्षांत तिने सासऱ्याचं, नवऱ्याचं किंवा थोरल्या दिरांचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. सासरा वारला, दोन वर्षांमागे नवराही गेला, तरी नाही. एका दिराचं नाव तेमिर, म्हणजे लोखंड. म्हणून खिळा हा बुरुलसाठी 'टोचरं' आणि फावडं म्हणजे 'खणतं'. नवरा हा 'मुलाचा बाप'. गावातले लोक हसायचे. शेजारचे सोल्तो आबा तर म्हणायचे, "हिला लोहाराकडे पाठवू नका रे. दुकान बंद होईपर्यंत मुकी उभी राहील."

"लोहारालाही जरा शांतता मिळेल, आबा," ती लगेच परतवायची. बाकी कशाला तिची जीभ कधी अडली नव्हती.

सासऱ्याचं नाव तिने घेतल्याशिवाय आपणही घेऊ नये. पण एवढं सांगायला हवं, की ते नाव फक्त माणसाचं नव्हतं. गावाखालच्या एका खळग्याचंही तेच नाव होतं.

सदुसष्ट साली गावातली गुरं पटापट पडू लागली. सकाळी रवंथ करणारी गाय दुपारी पाय ताणून. नाकातून काळं रक्त, आणि ते गोठायचं नाव नाही. बुरुलचा सासरा तेव्हा गुरांच्या डॉक्टरचा मदतनीस होता. त्याने त्र्याहत्तर गुरं त्या खळग्यात जाळली, वर चुना ओतला, माती लोटली. बरोबरचा जोडीदार नवव्या दिवशी गेला. सासऱ्याने मग खळग्याभोवती बांध घातला, सिमेंटचे खांब रोवले आणि गावाला सांगितलं, "या जागेला माझं नाव द्या. पोरं विचारतील, हे नाव का? मग कुणीतरी सांगेल. मातीतलं ते मरत नाही. शंभर वर्षं झोपून राहतं."

'ते' म्हणजे तो रोग. त्याचंही नाव कुणी घेत नसे.

पुढे बांध वितळत्या बर्फाच्या पाण्याने वाहून गेला. खांब एकेक करून कुणाकुणाच्या गोठ्यात जाऊन उभे राहिले. उरलं फक्त नाव, आणि घोड्यावर बसून कळपाला तिकडून परत फिरवणारा बुरुलचा नवरा. तीस वर्षं तो गावाचा गुराखी होता. तो गेल्यावर राखण करायला नावच तेवढं राहिलं.

*

एप्रिलमध्ये शहरातल्या कंपनीची माक्पाल आली. सव्वीस वर्षांची, बुटांना चिखल, बोलण्यात घाई. गावाच्या एकसष्ट गाईंच्या गळ्यात तिने पट्टे बांधले. पट्ट्यावर उन्हावर चालणारी पाटी, आत शिट्टी. प्रत्येक गाईच्या पोटात एकेक गोळी उतरवली, ती आतून ताप सांगणार. आता गुराख्याची गरज नाही, ती म्हणाली. फोनवर एक रेष ओढायची. गाय रेषेजवळ गेली की पट्टा गाऊ लागतो, ऐकलं नाही तर बारीकसा चिमटा काढतो. गाय फिरते मागे.

"आणि रेष कोण ओढणार?" सोल्तो आबांनी विचारलं.

"यंत्रच ओढेल. वरून गवत बघतं ते. जिथे हिरवं, तिथे कळप."

"माझ्या म्हातारीपेक्षा हुशार आहे की."

पण यंत्राला आधी मुलूख शिकवायचा होता. गुराख्याच्या बायकोइतका तो कुणाला ठाऊक? माक्पाल बुरुलच्या घरी चहाला बसली. जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानावर, तळलेल्या बोरसोकच्या परातीशेजारी तिने पाटीएवढा पडदा ठेवला, त्यावर आकाशातून दिसणारं सगळं शिवार. भिंतीशी लोकरीच्या नमद्यावर एने बसली होती, बुरुलची सासू, वय चौऱ्याऐंशी. चातीवर लोकर कातत होती.

"एजे," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं माक्पाल म्हणाली, "ही टेकडी?"

"दोन दगड."

"हा ओढा?"

"घोडी बुडाली."

"अरेरे. कधी?"

"अगं, नावच ते! ओढ्याचं नाव, 'घोडी बुडाली'. लिही."

माक्पाल खळखळून हसली. एनेच्या सुरकुत्याही हलल्या.

"बरं, हे वरचं पठार?"

"त्याला काही नाव नाही. मुलाचा बाप तिथून नेहमी वळसा घालून जायचा. म्हणायचा, तिथलं गवत कडू."

"कडू? वरून तर झकास दिसतंय."

"मग वरूनच खा."

एनेची चाती थांबली. क्षणभरच. पुन्हा फिरू लागली.

"शेवटचं," माक्पालने पडद्यावर बोट टेकवलं. "हा खालचा खळगा. केवढा हिरवा आहे! हा कुठला?"

बुरुलचं तोंड उघडलं. नाव जिभेच्या मागे येऊन उभं राहिलं. समोर एने. पाहुणी. हातात चहाची किटली.

"ते... ते आमच्या मोठ्यांचं."

"म्हणजे खाजगी?"

"नाही गं. गावचंच."

"वापरात आहे?"

"नाही. तिथे कुणी जात नाही."

"म्हणजे मोकळं," माक्पाल म्हणाली आणि तिने टिचकी मारली. खळगा हिरव्या रेघेच्या आत गेला.

दाराशी सांगू, बुरुलने ठरवलं. दाराशी गाडी सुरू होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. "काही राहिलं असेल तर फोन करा हं, एजे!" बुरुलने मान हलवली. आत येऊन तिने पेले विसळले. जनावरं सवयीने चालतात, तिने स्वतःला समजावलं. मुलाच्या बापाने तीस वर्षं वळवलेली गुरं तिकडे कशाला जातील?

*

उन्हाळाभर बुरुल घरात बसून गुरं राखत होती. फोनवर एकसष्ट हिरवे ठिपके. पीठ मळताना एक डोळा परातीत, एक ठिपक्यांवर. सोल्तो आबा कुंपणावरून ओरडायचे, "गुराखीणबाई, कळप आज कुठल्या खोलीत चरतोय?"

"तुमच्याच उशाखाली, आबा. हळू कूस बदला."

मुलगा एर्मेक म्हणाला, "आई, बाबांचा घोडा विकू या का? उगाच खातोय."

"खाऊ दे," ती म्हणाली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ऑगस्टात उतारावरचं गवत करपलं. ओल कुठे उरली, तर खालच्या खळग्यात.

शुक्रवारी दुपारी बुरुल दही फडक्यात बांधत होती. फोन किणकिणला. रेष आपली आपण सरकत होती. कुणी ओढत नव्हतं. ठिपके उतरणीला लागले, एकामागून एक, शिस्तीत, शाळेतली पोरं वर्गात जावीत तसे. साठ ठिपके आत गेले. एक काठावरच थांबला.

ती त्यांची बांडी होती. कळपातली सगळ्यांत म्हातारी गाय, मुलाच्या बापाच्या हाताखालून गेलेली. फोनवर तिच्या नावापुढे आलं: शिट्टी. मग: चिमटा. बांडी हलेना. चिमटा. बुरुलचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. चिमटा.

बांडी आत गेली.

बुरुल अंगणात आली, एनेच्या कानाआड. माक्पालला फोन लावला.

"पोरी, गुरं काढ तिथून."

"कुठून, एजे?"

"तिथून. खालून. जागा चांगली नाही."

"एजे, सगळ्यात चांगलं गवत तिथेच आहे! झालं काय?"

"झालं नाही काही. पण चांगली नाही."

माक्पालने निःश्वास सोडला. "एजे, रागावू नका. प्रत्येक गावात मला दहा जागा चांगल्या नसतात. इथे सून घोड्यावरून पडली, तिथे लांडगा रडला. यंत्रात त्याला रकाना नाही. ताप बघा ना, एकसष्टच्या एकसष्ट हिरव्या. कारण सांगा, आत्ता काढते."

अंगणात कुणी नव्हतं. तारेवर वाळणारे मोजे तेवढे. बुरुलने ओठ विलग केले. अडतीस वर्षं. सगळ्या शरीराला लाज वाटली, चारचौघांत पदर ढळावा तशी. आणि आतून कुणीतरी म्हणत होतं, साठेक वर्षं झाली बाई. काय उरलं असेल आता? हसतील तुला.

"एवढंच... माझ्यासाठी कर."

"सोमवारी करते. तुमच्यासाठी म्हणून. आज-उद्या मी दुसऱ्या जिल्ह्यात आहे."

एर्मेक आठवडाभर डोंगरावर गवत कापायला गेला होता, तिथे फोन लागत नव्हता. बुरुलने घोड्यावर खोगीर टाकलंही. पण सुजलेला गुडघा रिकिबीपर्यंत चढेना. दोनदा प्रयत्न करून तिने खोगीर उतरवलं. सोल्तो आबांना सांगावं तर तेही विचारणार, कुठे? शुक्रवार, शनिवार, रविवार. ठिपके हिरवे. ती ठिपके बघत राहिली आणि तिला जेवण गेलं नाही. एनेने विचारलं, "पोट बिघडलं का?" तर "हो," म्हणाली.

*

सोमवारी सकाळी रेष सरकली. ठिपके खळग्यातून निघून वरच्या पठारावर गेले. बुरुलने तीन दिवसांत पहिल्यांदा चहा गोड करून घेतला.

दहा वाजता बांडी लाल झाली. एक्केचाळीस पॉइंट सात.

एर्मेक आज पठाराच्याच वाटेने डोंगरावरून उतरत असणार. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा. पुन्हा. त्याचा फोन खोगिरावरच्या कोटात, ती ओळखून होती. तिने गुरांच्या डॉक्टरला लावला, तो म्हणाला दुपारनंतर येतो. फोनवर बांडी पडली. मग अकरा वाजता तिचा ठिपका राखाडी झाला.

बाराला सुनेचा, आसिलचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज, हसणं. "आपा, या लवकर! ताज्या काळजाचं कुर्दाक होतंय. यांनी बांडी कापली."

"कापली? का?" बुरुलने विचारलं.

"वाटेत पडलेली दिसली. डोळे फिरवत होती. मेली असती तर हराम झाली असती, म्हणून यांनी बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवली. एने शेजारी बसली होती, तिला सोल्तो आबा परस्परच गाडीतून घेऊन आलेत, सगळी गल्ली जमलीय, तुम्हीच..."

"रक्त कसं होतं?"

"काय?"

"रक्त, आसिल. रंग कसा होता?"

"काळंच होतं जरा. डांबरासारखं. गोठेचना. हे म्हणाले उन्हामुळे... आपा?"

सुजलेल्या गुडघ्याने बुरुल एर्मेकच्या घरापर्यंतची गल्ली कशी पार करून गेली, ते नंतर कुणालाच, तिलाही, सांगता आलं नाही.

दारात चरबी आणि काळीज परतल्याचा वास. कढईत आसिल कालथा फिरवतेय. आत दस्तरखानाभोवती दहा-बारा माणसं, मानाच्या जागी एने. एर्मेक बाह्या वर सारून नान मोडतोय.

"आली, आली! गुराखीणबाईंना जागा द्या!" सोल्तो आबा म्हणाले. त्यांच्या हातात पहिला घास होता.

"खाऊ नका."

"का गं? तुझा वाटा ठेवलाय."

"कुणी खाऊ नका. ती गाय... तिथे चरत होती."

"कुठे?" एर्मेक हसला. "पठारावर पडली होती, आई. मीच तर..."

"त्याआधी. तीन दिवस. खालच्या... त्या खळग्यात. आमच्या मोठ्यांच्या..."

"झालं सुरू हिचं कोडं!" कुणीतरी म्हणालं. "ओळखा पाहू, टोचरं की खणतं?" सगळे हसले. आसिलने मीठ बघायला कालथा ओठांकडे नेला.

"कारिपबाय!" बुरुल किंचाळली. "कारिपबायच्या खळग्यात! तीन दिवस गुरं कारिपबायच्या खळग्यात होती!"

कालथा हवेतच राहिला. पोरींपैकी एकीने तोंडावर हात घेतला. सून सासूसमोर सासऱ्याचं नाव घेते, असं तिने कधी पाहिलं नव्हतं. पण सोल्तो आबा बुरुलकडे बघत नव्हते. सदुसष्ट साली ते अकरा वर्षांचे होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला, हळूच, तो जागा होईल की काय अशा बेताने.

मग एने बोलली. "कढई उलटी करा. चुलीतच. हात कुणी चाटू नका."

आसिल कढईकडे नुसती बघत होती, तेव्हा एने ओरडली, "ऐकू येत नाही?"

एर्मेक आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. अंगठ्याच्या बुडाशी एक बारीक लाल रेघ. "सुरी सटकली होती," तो म्हणाला. "कातडं सोलताना."

*

संध्याकाळपर्यंत पांढऱ्या कपड्यांतली माणसं आली. तोंडं झाकलेली, बोलणं कमी. बांडीला टायर रचून जाळलं, दोन दिवस तो धूर गावावरून हलला नाही. रस्त्यावर आडवा बांबू पडला. ज्यांनी ज्यांनी मांसाला हात लावला होता, त्या सगळ्यांना शाळेत ठेवलं, गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या रोगाचं नाव सरळ घेतलं, बटाट्याचं घ्यावं तसं: काळपुळी.

तिसऱ्या दिवशी बुरुल शाळेच्या खिडकीशी गेली. आतून एर्मेकने हात काचेला लावला. अंगठ्याच्या बुडाशी फोड, भोवती सूज, मधोमध कोळशाचा कण ठेवावा तसा काळा ठिपका.

"दुखतंय का रे?"

"छे. खाजतंय नुसतं." तो हसला. "आई, बाबांचा घोडा विकला नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस."

दुखत असतं तर तिला बरं वाटलं असतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध वेळेवर सुरू झालंय, पण जखमेतून थेट गेलंय. ताप उतरतो का बघायचं. रोज संध्याकाळी त्या बुरुलच्या फोनवर एक आकडा पाठवू लागल्या. पहिल्या दिवशी अडतीस पॉइंट सहा. दुसऱ्या दिवशी अडतीस पॉइंट नऊ. ज्या फोनवर तिने उन्हाळाभर गाईंचा ताप बघितला, त्याच फोनवर, तसलेच आकडे.

माक्पाल आली ती रडून सुजलेले डोळे घेऊन. त्याच खोलीत, त्याच दस्तरखानाशी बसली. चहाला हात लावला नाही.

"एजे, तुम्ही फोन केला होता. मी रकान्याचं बोलले."

"तू एप्रिलमध्येच विचारलं होतंस," बुरुल म्हणाली. "मी चहा ओतत बसले. लिही आता. कारिपबायचा खळगा." दुसऱ्यांदा ते नाव सोपं गेलं नाही. तोंड भाजल्यासारखंच झालं.

माक्पालने लिहिलं. खळग्याभोवती लाल रेघ ओढली, दुपदरी. "आता कायमचं बंद. बाकी कळपाला लस दिलीय. साठ गाई पठारावरच आहेत, तिथून हलवणार नाही. तिथे धोका नाही."

भिंतीशी चाती थांबली.

या वेळी ती पुन्हा फिरली नाही. एनेने लोकर बाजूला ठेवली, गुडघ्यांवर रांगत दस्तरखानापर्यंत आली आणि आपलं वाकडं बोट पडद्यावर टेकवलं. पठारावर. बोटाखाली साठ ठिपके चमकत होते.

"काय झालं, आजी?" माक्पालने विचारलं.

एनेचे ओठ हलले. आवाज आला नाही.

बुरुल तिच्याकडे बघत राहिली. तिला एप्रिलमधली ती थांबलेली चाती आठवली. कडू गवत आठवलं. मुलाचा बाप तीस वर्षं वळसा घालून जायचा, कुणाच्या सांगण्यावरून? त्याच्या बापाच्या. आणि बापाला कुणी सांगितलं होतं? एनेही कधीतरी या घरात सून म्हणूनच आली होती. तिलाही एक सासरा होता.

"एने," बुरुल हळू म्हणाली, "तुमच्या मोठ्यांचं? ते पठार?"

एनेने मान हलवली. "मी यायच्या आधीचं. युद्धाच्याही आधीचं. मेंढ्या होत्या, चारशे. पुरणारी दोन माणसं गेली." तिचा श्वास लागला होता. "तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. मला वाटलं, तो सांगेल कुणाला तरी."

"नाव, आजी," माक्पाल पडद्यावर झुकली. "आधी नाव नको, थांबा, आधी गुरं काढते..." ती पडद्यावर रेष ओढू लागली. पण नेणार कुठे? बोट मध्येच थांबलं. नकाशावर आणखी किती तरी जागा हिरव्या होत्या, मोकळ्या, बिननावाच्या. तिने वर बघितलं, एकदा बुरुलकडे, एकदा एनेकडे.

"गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना बोलाव," एने बुरुलला म्हणाली. "एकेकीला. पुरुष नकोत इथे. दार लाव." मग तिने ओठ ओले केले. पासष्ट वर्षं गिळलेलं ते नाव, तिला आधी त्याचा पहिला आवाजच सापडेना.

दस्तरखानावर बुरुलचा फोन किणकिणला. तिघींनीही तिकडे पाहिलं. गाई हिरव्याच होत्या. शाळेतून आकडा आला होता.

एकोणचाळीस पॉइंट चार.